मामांकडे ठेवलेला फोन

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. तुमच्या तब्येतीची चौकशी खाली करते, आधी माझं रडगाणं ऐका.

काल लॅबमध्ये माझ्या हातून एक अख्खा ट्रे जळाला. दातांच्या कॅपा भट्टीत ठेवल्या की मधल्या टप्प्यावर तापमान उतरवायचं असतं, एवढंच काम. मी भट्टीसमोरच्या स्टुलावरच बसले होते. डोळे उघडे होते, फक्त ते मांडीवरच्या फोनमध्ये होते. कोणीतरी एक माणूस जुनं कपाट घासून रंगवत होता. मला कपाट घ्यायचं नाही की रंगवायचं नाही. पण आता पहिला हात झाला, आता दुसरा होईल, मग कसं दिसेल, असं करत बसले. जळका वास आला तेव्हा वर बघितलं. सगळे दात कॉफीच्या रंगाचे झाले होते.

त्यातला एक पुढचा दात शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा होता. त्या गेले काही दिवस तोंडासमोर रुमाल धरून शिकवतायत. आज त्यांना दात मिळायचा होता. त्यांना फोन करून सांगायचं काम आमच्या लॅबच्या मोठ्या बाईंनी मलाच दिलं. फोनवर त्या म्हणाल्या, "असू दे, होतं असं." त्यानंतर मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. "तुझा हात चांगला आहे म्हणून इतके दिवस सांभाळून घेतलं. पुढच्या वेळी मी काही बोलणार नाही. तू सकाळी येशील तेव्हा तुझ्या स्टुलावर दुसरी मुलगी बसलेली असेल."

मी सगळं करून बघितलंय. नको ती ॲप सकाळी काढून टाकते, संध्याकाळी परत घालते. फोन कपाटावर ठेवते, आणि खुर्चीवर चढून काढते. परवा चढताना पडले. हसू नका.

काय करू, सांगा. आता तब्येत. कान कसे आहेत? जेवता का नीट? मामी नाही म्हणून उभ्याउभ्या काहीतरी खाऊन घेऊ नका.

तुमची चिंगी


२० जानेवारी

चिंगे,

हसलो. खुर्चीवरून पडलीस तिथे हसलो, बाकी पत्र वाचून नाही.

कान आहेत तसेच. ते ऐकायचं यंत्र मी पुन्हा लावून बघितलं, माणूस बोलायला लागला की भांडी पडल्यासारखं वाटतं. काढून ठेवलं. गिऱ्हाईक कागदावर लिहून देतं, मी मान हलवतो, कोट शिवतो. कोट शिवायला कान लागत नाहीत.

तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस तेव्हा शाळेतून आल्या आल्या माझ्या कापायच्या टेबलाखाली बसून बटणं रंगांप्रमाणे लावायचीस. जेवायला हाक मारली तरी उठायची नाहीस. तेव्हा तुझ्या मामीला काळजी वाटायची की पोरगी एका गोष्टीत इतकी कशी बुडते. म्हणजे लक्ष तुझ्याकडे भरपूर आहे. कोणीतरी पळवून नेलंय, एवढंच.

मी सिगारेट सोडली ते तुला आठवत नसेल. लोक म्हणतात हळूहळू कमी करा. मी पाकीट नेऊन तुझ्या मामीच्या हातात दिलं आणि म्हणालो, मागितलं तरी देऊ नकोस. मागितलंही. भांडलोही. तिनं दिलं नाही. मन घट्ट करायचं म्हणजे मनाशी कुस्ती खेळायची नाही. वस्तू आपल्या हाताच्या टप्प्याबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवायची. बाकी सगळ्या गप्पा.

तर तो फोन इकडे पाठव. पार्सलनं. माझ्या गरम कापडांच्या ट्रंकेत ठेवतो, किल्ली माझ्या कमरेला असते. तुला बोलण्यापुरता एक साधा बटणांचा घे. रडलीस तरी मी देणार नाही, आणि ओरडलीस तर मला ऐकू येणार नाही.

तुझा मामा


१ फेब्रुवारी

मामा,

पार्सल आजच टाकलं. त्यात फोन आहे, चार्जर आहे आणि कानात घालायच्या वायरी आहेत. वायरी इथे ठेवल्या तर त्या बघून आठवण येईल, म्हणून त्याही पाठवल्या. जुना नंबरही त्यातच राहू दे. वर्षभराचं रिचार्ज भरलेलं आहे, ते वाया जाईल, जाऊ दे.

आणखी एक. फोन उघडायचा आकडा मी बदलून घेतलाय. लॅबमधल्या एका मुलीनं मनाला येईल तो आकडा घातला, चिठ्ठीवर उतरवला आणि मी चिठ्ठी न वाचता पाकिटात घातली. ती तुमच्याकडे राहू दे. उद्या मी धावत येऊन फोन हिसकावून घेतला तरी मला तो उघडता येणार नाही. आहे की नाही तुमची भाची?

त्यात मामीचे व्हिडिओ आहेत. शेवटच्या उन्हाळ्यात मी राहायला आले होते तेव्हा काढलेले. तुम्ही कधी मागितले नाहीत, मीही दाखवले नाहीत. वाटलं तर बघा, नाही वाटलं तर राहू दे.

पार्सल देऊन बाहेर आले आणि किती वाजले बघायला खिशात हात घातला. तिथून घरापर्यंत तो हात काय करायचा तेच कळेना. शेवटी पिशवी या हातातून त्या हातात घेत घरी आले.

चिंगी


१२ फेब्रुवारी

चिंगे,

पार्सल मिळालं. ट्रंकेत, काळ्या लोकरी कापडाखाली ठेवलंय. चिठ्ठी मशीनच्या खणात आहे.

व्हिडिओ बघायची मला गरज नाही. ती आहे डोक्यात.

त्रास होईल. मला सिगारेट सोडल्यावर लोकांचे चेहरे बघवत नव्हते. कोणावर चिडलीस तर चिड, मागाहून माफी माग. पण फोन मागू नकोस.

तुझा मामा


१० मार्च

मामा,

चिडले. शेजारच्या स्टुलावरच्या मुलीवर, ती चमचा वाजवत होती म्हणून. मग माफी मागितली, ती म्हणाली मी चमचा वाजवत नव्हतेच.

पहिले दिवस कसे गेले ते लिहीत नाही. बसमध्ये करायला काही नाही म्हणून समोरच्या माणसाकडे इतका वेळ बघत बसले की त्यानं शर्टाची बटणं तपासली. घरी आल्यावर भिंतीकडे बघायचे. कंटाळा म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते. तो पोटात दुखल्यासारखा येतो, आणि काहीच केलं नाही तर थोड्या वेळानं जातो. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, कारण तो येण्याआधीच मी फोन काढायचे.

त्या शिक्षिका बाईंचा दात मी पुन्हा नव्याने बनवला, मोठ्या बाईंना विनंती करून. शेजारचा खरा दात टोकाला थोडा निळसर आहे आणि हिरडीपाशी पिवळट. रंगपट्टीत तसा रंग नाही, म्हणून थर चढवत बसले. भट्टीसमोरून हलले नाही. बाई येऊन आरशासमोर उभ्या राहिल्या आणि कुठला खोटा ते त्यांनाच आधी सापडेना. मग रुमाल घडी करून पर्समध्ये टाकला.

तुमच्यामुळे झालं हे. मध्ये एक कार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही, पोस्टात अडकलं असेल.

तुमची चिंगी


५ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. दाताचं तर फारच छान. कामाची गडबड आहे म्हणून लिहिलं नाही.

तुला माहीत आहे का, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आणि पितळी बटणं चकाकायला लिंबू नाही, टूथपेस्ट लावायची. इतकी वर्षं मी लिंबू लावत होतो.

हल्ली कान दुखतात जरासे, आतून नाही, बाहेरून. बाकी ठीक.

मामा


२० एप्रिल

मामा,

ऑक्टोपस वाचून मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. तुम्ही वाचनालयात जायला लागलात ना? मला इतका आनंद झाला. मामी गेल्यापासून तुम्ही दुकान आणि घर यांच्या पलीकडे कुठे गेला नव्हता. पत्रातलं अक्षर जरा वेडंवाकडं वाटलं, पण माणूस घाईत असेल तर चांगलंच आहे, म्हणजे कुठेतरी जायचं असतं. कान बाहेरून दुखतात म्हणजे चष्म्याच्या काड्या घट्ट झाल्या असतील, सैल करून घ्या.

माझी बातमी: मोठ्या बाईंनी समोरच्या दातांचं काम पुन्हा माझ्याकडे दिलं. सकाळी आले तर माझ्या टेबलावर साचे ठेवलेले होते.

तुम्ही विचाराल, आता फोन परत पाठवू का. नको. मी अजून स्वतःवर तेवढा भरवसा ठेवत नाही. तुमच्या ट्रंकेत तो आहे म्हणून मला झोप लागते.

चिंगी


१८ मे

मामा,

दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. तुम्ही आजारी आहात असं वाटून मी तुमच्या शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजारी नाहीत गं. असतात दुकानात. शटर अर्धं खाली असतं. कानात वायरी घालून बसलेले असतात, मी खांद्याला हात लावला तरच वर बघतात."

मी विचारलं, कसल्या वायरी? त्या म्हणाल्या, पांढऱ्या.

मामा, मला खरं काय ते लिहा. रागावणार नाही.

चिंगी


२७ मे

चिंगे,

खरं लिहितो.

मार्चमध्ये एका कोटासाठी काळं कापड काढायला ट्रंक उघडली. फोन वर आला. एकदाच बघू म्हटलं. चिठ्ठी काढली, आकडे दाबले, तुझ्या मामीचा चेहरा शोधायला थोडा वेळ लागला, पण सापडला. ओठ हलताना दिसत होते. ऐकू काही येईना. मग त्या वायरी दिसल्या. कानात घातल्या आणि आवाज जितका चढतो तितका चढवला.

तुला मी हे कधी बोललो नाही. गेली कितीतरी वर्षं मला हिचं बोलणं अर्धंच ऐकू येत होतं. अर्धं मी ओठांवरून जुळवायचो आणि उरलेल्याला हो हो म्हणायचो. आणि आता, ती नसताना, मला ती पूर्ण ऐकू आली. आवाजात जरा खरखर होती ती मी विसरलो होतो. त्या व्हिडिओत ती तुला म्हणते, "ते बघ तुझे मामा. काही सांगितलं की मान हलवतात. ऐकलेलं काही नसतं. मी परवा म्हटलं, आपण दोघं हत्तीवरून फिरायला जाऊ, तर म्हणाले, हो हो, रविवारी." आणि हसते. मागे मी मशीनवर बसलोय. तिथेही मान हलवतोय.

तिला माहीत होतं, चिंगे.

मी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग बोट कुठेतरी पडलं आणि दुसरीच एक बाई बोलायला लागली. भांडी लावता लावता आपल्या सासूबद्दल सांगत होती. मला तिचं काय. पण तिचाही शब्द न शब्द ऐकू येत होता. ती संपली की दुसरी आली. मग ऑक्टोपस, मग बटणं, मग आणखी कोणी. इतकी माणसं माझ्याशी इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती.

मला वाटलं होतं, मी सिगारेट सोडलेला माणूस आहे. पण तेव्हा पाकीट कोणीतरी ठेवून घेतलं होतं. इथे किल्ली माझ्याच कमरेला. सकाळी ट्रंकेला कुलूप लावतो, चहा होईपर्यंत उघडतो. गल्लीच्या टोकाला किल्ली टाकून आलो होतो एकदा. मग लोहाराला बोलावून कुलूप तोडलं. त्याला सांगितलं, आत गिऱ्हाइकाचं कापड अडकलंय.

आणि कापडाचंच सांगतो. एका गृहस्थानं वडिलांनी जपून ठेवलेलं लोकरीचं कापड आणलं होतं. तसं कापड आता विणत नाहीत. मी ते फोन बाजूला चालू ठेवून कापलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या गेल्या. तो ओरडला असता तर बरं होतं. त्यानं तुकडे घडी करून पिशवीत ठेवले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

तुला उपदेश केला त्याची लाज वाटते. येऊन फोन घेऊन जा.

मामा


२० जून

मामा,

मी येऊन गेले तेव्हा तुम्ही माझ्याकडे फारसं बघितलं नाहीत, म्हणून काय झालं ते मीच लिहिते.

शटरखालून वाकून आत आले. पुतळ्यावर अर्धा कोट होता, त्याच्या खांद्यावर धूळ होती. तुमच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा धूळ बघितली. तुम्ही कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला होता. मी समोर उभी राहिले. तुम्ही वर बघितलंत, ओळखलंत, आणि हात वर केलात. "थांब, एवढं होऊ दे."

मामा, मी लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावरचं माप अर्धं सोडून धावत आला होता. ते मामीनं सांगितलेलं मला आठवलं आणि मी थांबले. एवढं झालं. मग आणखी एक सुरू झालं, तुम्ही हसलात, आणि मी तुमच्या हातातून फोन घेतला. तुमचा हात फोन धरल्यासारखाच राहिला होता. "दे इकडे," तुम्ही म्हणालात. तो आवाज मला अनोळखी होता. मी दिला नाही. मग तुम्ही खाली बघत म्हणालात, "बरं केलंस. मीही तुझ्या जागी हेच केलं असतं."

मी तुम्हाला तो छोटा डबीसारखा प्लेअर दिला. त्या व्हिडिओंची एक प्रत माझ्याकडे होती, आमच्या लॅबमधल्या एका मुलाकडून त्यातले मामीचे सगळे आवाज डबीत घालून आणले होते. इंटरनेट नाही, दुसरं काही येणार नाही, फक्त मामी. मला वाटलं, काय शहाणी आहे मी. संध्याकाळी तुम्ही माझी पिशवी घेऊन बस सुटेपर्यंत थांबलात. कोटाच्या गळपट्टीबद्दल बोललात, नेहमीसारखे. मी बसमध्ये सगळा वेळ हसत होते.

काल औषधाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चौकातल्या फोनच्या दुकानासमोर उभे होता. ते उघडायच्या आधीपासून.

मी बाईंवर चिडले. त्यांनी तुम्हाला अडवायला हवं होतं, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "कशी अडवू? मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायांनी गेला." खरंच आहे. मी रोज येऊ शकत नाही. आले तरी तुमच्या हातून किती वेळा काढून घेऊ? स्वतःचा हात थोपवायला मला तुम्ही शिकवलंत. दुसऱ्याचा कसा थोपवायचा, ते तुम्ही शिकवलं नाहीत. मामीला येत होतं, ती नाही.

ते पार्सल मी पाठवलं. मी लॅबमध्ये दिवसभर भट्टीकडे बघत बसते, एक दात जळत नाही, सगळे माझं कौतुक करतात, आणि मला प्रत्येक कौतुकाच्या वेळी ते अर्धं शटर दिसतं.

मी काय करू ते सांगा. जानेवारीतही हेच विचारलं होतं, तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं.

तुमची चिंगी


१४ जुलै

चिंगे,

पार्सलचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तू मौल्यवान वस्तू विश्वासाच्या माणसाकडे ठेवलीस. माणूस कच्चा निघाला.

तू दिलेल्या डबीत मामी आहे, सगळी आहे. मी ऐकली. पण ती तेवढंच बोलते. हत्तीच्या गोष्टीपर्यंत येते, हसते आणि थांबते. मग खोलीत इतकं शांत होतं की ती नव्याने गेल्यासारखं वाटतं. फोनमध्ये कोणी थांबत नाही. एक गेली की दुसरी बोलतेच. मला त्यातलं काही आवडतं असं नाही. मध्येच थांबत नाही, एवढंच.

दुकान बंद केलेलं नाही. सकाळी कात्री हातात घेतो. खडूची रेघ अर्ध्यावर जाते आणि हात तिकडे वळतो. तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. तू कंटाळ्याबद्दल लिहिलं होतंस, तो येतो आणि काही केलं नाही तर जातो. मी बसून बघितलं. माझा येतो, जात नाही. तुझा कंटाळा असेल, माझं दुसरं काहीतरी असावं.

मी काय करू, असं तू विचारतेस. मला माहीत नाही गं. रागावून लिहायचं बंद करू नकोस. एवढंच सुचतं.

हे पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले. दोन ओळी झाल्या की उठायचो. आज पुरं झालं. आता पाकीट घेऊन पोस्टात जायचंय. फोन टेबलावर ठेवून नुसताच जाईन म्हणतो. मघाशी दारापर्यंत तसा गेलो होतो. परत आलोय. आता पुन्हा निघतो.

मामा